उसवल्या-फाटल्याचा दिवस

भिंगरी हे त्याचं कागदावरचं नाव नव्हतं. कागदावरचं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आणि दवाखान्याच्या फाइलवर होतं. बाकी सगळीकडे तो भिंगरीच. याच्या पायाला भिंगरी लावलीय म्हणून मोठ्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं हे नाव त्याने पन्नाशीला टेकेपर्यंत इमानाने राखलं होतं. जेवताना दोनदा उठायचा, न्हाव्याच्या खुर्चीतून मानेला फडकं गुंडाळलेलं असताना बाहेर काय आवाज झाला ते बघून यायचा. बायको म्हणायची, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस हललेला आलाय." फोटो पाहिलेल्यांना ते पटत असे.

अशा माणसाला नोकरीही तशीच मिळाली. शहराच्या पर्यटन कार्यालयातून दरवर्षी एक पुस्तिका निघायची, 'शहरातले पाहण्याजोगे वार्षिक उत्सव'. चोवीस उत्सव, चोवीस पानं. प्रत्येक पानावर एक फोटो, तारीख, कुठल्या थांब्यावर उतरायचं आणि तिथे जाऊन काय बघायचं. शहर मोठं हौशी. पुष्पोत्सव संपला की होड्यांची शर्यत, ती संपली की पुस्तकांची जत्रा, मग पथनाट्यांचा आठवडा, जुन्या घड्याळांचा मेळा, दोन मजली बाहुल्यांची मिरवणूक. एखादा रविवार मोकळा गेला तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. हे सगळं हिंडून बघायचं आणि लिहायचं काम भिंगरी सोळा वर्षं करत होता, आणि पगारही घेत होता.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. प्रत्येक उत्सवाला चाळीस मिनिटं. गर्दीचे फोटो घ्यायचे, दोघा-तिघांशी बोलायचं, छापील पत्रक उचलायचं आणि पुढच्या उत्सवाची बस पकडायची. असे एका रविवारी तीन-तीन उत्सव व्हायचे. सोळा वर्षांत शहरातला असा एक उत्सव नव्हता जो त्याने पाहिला नाही, आणि असाही एक नव्हता ज्याचा शेवट त्याने पाहिला. शेवटचं तो पत्रकावरून उतरवायचा. पत्रकात काही नसेल तर त्याच्याकडे एक तयार वाक्य होतं: 'सांगतेचा क्षण विशेष पाहण्याजोगा.' ढगळ सदऱ्यासारखं ते कुठेही बसायचं.

पण खोट्याच्या कपाळी गोटा. पुस्तिकेत लिहिलं होतं की कंदिलांच्या उत्सवाची सांगता तळ्यात शेकडो कंदील सोडून होते. ते वाचून लांबच्या गावाहून एक म्हातारं जोडपं आलं, तळ्याकाठी दोन तास उभं राहिलं, आणि घरी जाऊन त्यांनी चार पानी पत्र धाडलं. तळ्याला सहा वर्षांपूर्वीच उंच कुंपण घातलं गेलं होतं. कंदील तेव्हापासून कुणीही सोडले नव्हते.

ते पत्र कार्यालयात नव्याने आलेल्या बाईंच्या हाती पडलं. बाई हळू बोलायच्या आणि म्हणूनच सगळे त्यांना घाबरायचे.

"तुम्ही मागच्या वर्षी गेला होतात ना या उत्सवाला?"

"गेलो होतो की, बाई. फोटो आहे ना छापलेला."

"मग कुंपण नाही दिसलं?"

"मी निघालो तेव्हा... म्हणजे ते कंदील शेवटी सोडतात ना."

"कोण सोडतात?"

भिंगरी खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाईंनी त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, यंदा पुस्तिकेत वीसच पानं. सहा उत्सव संशयाचे आहेत. प्रत्येकाला जायचं, सुरुवातीपासून सांगतेपर्यंत थांबायचं, सांगता काय होते ते लिहायचं आणि त्या वेळी किती माणसं उभी आहेत ते मोजायचं. सांगताच नसली, किंवा ती बघायला माणूस नसला, तर ते पान गेलं.

सहाच्या यादीत चौथं नाव होतं शिंपी आळीतल्या उसवल्या-फाटल्याच्या दिवसाचं.

"हा कशाला यात?" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. "चांगला चालतो हा. माझ्या वडिलांनीच सुरू केलेला."

"असेल. पण सोळा वर्षं तुम्ही त्याच्या सांगतेबद्दल एकच वाक्य लिहिलंय. त्यातला पूर्णविरामसुद्धा हललेला नाही."

"तिथे माझी सख्खी बहीण आहे, बाई. उद्या कुणी म्हणेल, घरचं म्हणून ठेवलं."

"बरं झालं. दिवसभर बसायला स्टूल तरी मिळेल," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

पान गेलं तर काय होईल हे भिंगरीला कुणी सांगायची गरज नव्हती. पुस्तिकेत नाव असेल तरच पालिका त्या दिवशी आळीचा रस्ता गाड्यांना बंद करून द्यायची. रस्ता मिळाला नाही तर शिवणाच्या मशिनी मांडणार कुठे? दिवसच बंद. वडिलांनी उभं केलेलं ते एवढं एकच काम मागे राहिलं होतं, आणि ते आता त्याच्या सहीवर येऊन अडकलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उत्सवाच्या रविवारी तो सकाळी नऊलाच आळीत हजर झाला.

शिंपी आळी म्हणजे एका टोकाला बंद असलेली अरुंद गल्ली. तळमजल्यावर दुकानं, वर घरं. त्या एका दिवशी सगळे शिंपी आपापली पायमशीन उचलून रस्त्यावर आणत आणि दोन्ही बाजूंनी ओळीत मांडत. यंदा एक्केचाळीस मशिनी होत्या. शहरातल्या कुणीही यावं, फाटलेलं, उसवलेलं, चेन बिघडलेलं, बटण तुटलेलं काहीही आणावं, फुकट शिवून न्यावं. तोंडाशी चेनवाले, मग हाताने रफू करणाऱ्या दोघी जावा, मग उतारवयाचे काजेकाका, जे साठ वर्षं फक्त काजं करत आले होते आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शर्टाकडे बघून बोलायचे. अगदी आत, बंद टोकाला, वडिलांचं जुनं मशीन. त्यावर आता ताई बसायची.

माणसं नुसती शिवून घ्यायला यायची नाहीत, गप्पा मारायला यायची. एक शाळामास्तर पँट घेऊन आला होता, ती त्याने विद्यार्थ्यांना उडी कशी मारायची ते दाखवताना फाडली होती. एका मुलीने आजोबांचा कोट आणला होता, त्याचं अस्तर लोंबत होतं आणि ती तो परवा मुलाखतीला घालणार होती. बाहेरगावचे पाहुणे पुस्तिका हातात धरून फोटो घेत फिरत होते. पुस्तिका पाहिली की भिंगरीला आपलंच कुणी चोरून वाचतंय असं वाटे.

"आलास?" ताई मशिनीवरून मान वर न करता म्हणाली. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. "बस. चहा घे. चाळीस मिनिटं झाली की सांगते."

"आज सांगू नकोस. आज शेवटपर्यंत आहे."

ताईचा पाय पायडलवर थांबला. "शेवटपर्यंत म्हणजे?"

"सांगतेपर्यंत."

"कशाला?"

आता, सख्खा भाऊ सोळा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण दिवस थांबतो म्हणाला तर बहिणीला आनंद व्हावा की नाही? ताईने पलीकडे कापड कापत बसलेल्या भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी काजेकाकांकडे पाहिलं. काजेकाकांनी कधी नव्हे ते माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

भिंगरीने त्यांना कार्यालयातला सगळा प्रकार सांगून टाकला. लपवून ठेवायची सवय त्याला नव्हती, तेवढा वेळच तो कुठे थांबायचा नाही. ऐकून भाऊजींनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे तू बघितलीस तरच पान राहणार?"

"बघितली आणि मोजली तर."

"बोंबला," भाऊजी म्हणाले.

एवढ्यावर भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली, आणि पुढे दिवसभर ती गप्प बसली नाही.

अकराला भाऊजी जवळ आले. "आज नदीवर होड्यांची शर्यत आहे ना रे? तिथे तुझं काम नाही? आम्ही काय, घरचेच आहोत."

"तिथे दुसऱ्याला पाठवलंय."

बाराला रफूवाल्या दोघी जावांपैकी धाकटीने काळजीने विचारलं, उन्हात बसून डोकं नाही ना दुखत, घरी जाऊन जरा पडायचं तर पडा. एकला काजेकाकांनी त्याला सांगितलं की त्याच्या बायकोचा फोन आला होता. त्याने लावून पाहिला तर बायको म्हणाली, मी कशाला काकांना फोन करू, आणि तू अजून तिथेच आहेस? बरं आहे ना तुला? दोनला भाचीने जेवणाचं ताट असं समोर ठेवलं की जणू गाडी चुकणाऱ्या पाहुण्याला वाढतेय. हात धुवायचं पाणीसुद्धा हातात तयार.

इकडे भिंगरीचा जीव मेटाकुटीला आलेला. बूड टेकणं म्हणजे काय असतं ते त्याला आज कळत होतं. त्याने आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरा वेळा मोजली, एकशे बारा पावलं. मशिनी मोजल्या. खिडक्या मोजल्या. एका पाहुण्याला न विचारता बसचा रस्ता समजावून सांगितला. स्टुलावर बसलं की तळपायाला मुंग्या यायच्या, उभं राहिलं की नदीकडून शर्यतीचा ढोल ऐकू यायचा. तिथे आता पहिली फेरी सुटली असेल, पुलावर गर्दी झाली असेल. आणि हा इथे लोकांच्या उसवलेल्या बाह्या बघत. असं वाटून वाटून चार वाजले, आणि त्याला स्वतःलाही कळायच्या आत तो आळीच्या कोपऱ्यावर बसथांब्यापाशी उभा होता.

नुसतं उभं राहायला काय हरकत आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. बस येताना दिसली. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात पाठीमागून, चेनवाल्यांच्या मशिनीपलीकडून भाऊजींचा आवाज आला.

"गेला का तो?"

"थांब्यावर उभा आहे. जाईलच आता," भाची म्हणाली.

"सुटलो बुवा! सांग तुझ्या आईला."

बस आली, थांबली, दार उघडलं, आणि त्याला न घेता गेली. भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माणसाने स्वतः उठून जावं ते वेगळं, आणि घरच्यांनी हुश्श करावं ते वेगळं. एकशे बारा पावलं तो तरातरा चालत ताईच्या मशिनीसमोर आला.

"सांगता नाहीच ना तुमच्याकडे?"

ताई एक फाटका खिसा जोडत होती. "आहे."

"काय आहे? सांग की. कंदीलवालेही मला छाती ठोकून सांगत होते, आहे म्हणून."

"आहे म्हटलं ना."

"मग मला हाकलता कशाला सगळे? सकाळपासून बघतोय. मी काय आंधळा आहे? ताई, सहीला मी आहे. सांगता दिसली नाही तर मला पान कापावं लागेल. बाबांचा दिवस आहे म्हणूनही मी खोटं नाही लिहू शकणार आता."

"काप मग." ताईने दोरा तोडला आणि मान वर केली. "आणि कापायला तुला कात्री कशाला लागते? तू नुसता उठून गेलास तरी पुरतं."

हे वर्मावर होतं. कुठे लागलं ते दोघांनाही माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. ताई उशाशी बसली होती, भिंगरी खोलीत येरझाऱ्या घालत होता. दुपारी तो म्हणाला, "आलोच," आणि दोन गल्ल्या पलीकडे वाद्यांचा मेळा भरला होता तो बघायला गेला. चाळीस मिनिटांसाठी. परत आला तेव्हा ताई खोलीच्या बाहेर बाकावर बसलेली होती. तिने त्याला काही म्हटलं नाही, आणि पुढे अकरा वर्षांतही काही म्हटलं नव्हतं. आज म्हणाली. भिंगरीने स्टूल ओढलं, तिच्या मशिनीपासून चार हातांवर ठेवलं आणि त्यावर बसला. आता भुई फाटली तरी उठायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

सहा वाजले. शेवटच्या माणसाचा शेवटचा सदरा शिवून झाला. पण मशिनी थांबल्या नाहीत. एकेक शिंपी कापडाच्या तुकड्यावर नुसताच टाके घालत बसला, आणि एक्केचाळीस मशिनींचा आवाज आळीत भरून राहिला. लोक भिंतींना टेकून, पायऱ्यांवर, वरच्या खिडक्यांत उभे. पोरं पुढे येऊन बसली. सगळ्यांची तोंडं ताईकडे. भिंगरीने डायरी काढून मोजलं, तीनशे दहा माणसं. म्हणजे काहीतरी होतं तर खरं.

ताई मशिनीच्या चाकावर हात ठेवून बसून राहिली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पोरांत चुळबुळ सुरू झाली. एक पाहुणा पुस्तिका उघडून शेजारच्याला पान दाखवू लागला. एक कुटुंब निघालं. मग आणखी चौघं. भिंगरीने पुन्हा मोजलं, दोनशे नव्वद. पुन्हा, दोनशे साठ. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"ताई, माणसं चाललीत. काय असेल ते कर ना!"

ताईने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी काजेकाकांनाच राहवलं नाही. ते उठून आले आणि त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत म्हणाले, "बाबा रे, तू गेल्याशिवाय ती होत नाही."

"काय होत नाही?"

"सांगता."

मग काकांनी सांगितलं ते असं. वडील होते तेव्हा सगळ्या गावाचं शिवून झालं की ते मशीन चालू ठेवून विचारायचे, "भिंगरी आहे का? त्याचं काही फाटलंय का बघा." बाहेरच्यांचं झालं, आता घरच्याचं करून मग मशीन थांबवू, असा त्यांचा हिशेब. आणि आळी दरवर्षी सांगायची, "गेला!" म्हातारा म्हणायचा, "मग झालं आजचं," आणि मशीन बंद करायचा. वडील गेले त्याच वर्षी ताई त्या मशिनीवर बसली, आणि संध्याकाळी तिच्या तोंडून सवयीने तेच निघालं. आळीनेही सवयीने तेच उत्तर दिलं आणि सगळ्यांच्या मशिनी एकदम थांबल्या. बघणाऱ्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून ती रीतच पडली.

"अकरा वर्षं झाली. आता तीनशे माणसं एका दमात 'गेला' म्हणतात. पोरं त्याच्यासाठीच थांबतात," काका म्हणाले. "भिंगरी म्हणजे कोण हे निम्म्यांना माहीतही नाही. पण तुला समोर बसवून तिने कसं विचारावं, आहे का म्हणून? आणि आम्ही कुठल्या तोंडाने सांगावं?"

आधी भिंगरीला हसू आलं, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. सांगतेचा क्षण विशेष पाहण्याजोगा! स्वतःच्या हाताने त्याने अख्ख्या शहराला बोलावलं होतं, या आणि मी नाही ते बघून जा. मग त्याचे कान तापले. आपण नसताना आपल्याला दरवर्षी हाक मारली जाते आणि गाव हसतं, याची त्याला लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली इतकं वाईट वाटलं की तो पटकन उठूनच उभा राहिला.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "मी कोपऱ्यापर्यंत जातो. तुम्ही करून घ्या."

"आणि लिहिशील काय?" भाऊजींनी विचारलं. "पाहिली म्हणून?"

"ते बघू नंतर. माणसं चाललीत, भाऊजी."

त्याचे पाय निघालेसुद्धा होते. जाणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. कोपऱ्यावर साडेसहाची बस लागणार होती, शर्यतीची शेवटची फेरी अजून मिळाली असती, आणि सगळ्यांचंच भलं झालं असतं. तीन पावलं टाकून त्याने मागे पाहिलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती मान खाली घालून चाकावरच्या आपल्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या बसण्यावरून कळत होतं की तो जाईल यात तिला तिळमात्र शंका नाही. रागही नव्हता. पाऊस पडणार तर पडणार, तसं.

भिंगरी परत फिरला आणि स्टुलावर बसला.

"विचार."

"अरे, तू समोर बसलायस."

"बसलोय. तू विचार, ताई."

ताईने पदर डोळ्यांना लावला. घसा खाकरला. आणि दरवर्षी ठणठणीत आवाजात मारायची ती हाक यंदा तिच्या तोंडून जेमतेम बाहेर पडली. "भिंगरी आहे का?"

पुढचे लोक, ज्यांना तो दिसत होता, ते गप्प राहिले. मागच्यांना काय कळणार! ते वर्षभर दम धरून आलेले, त्यांनी जोरात आरोळी ठोकली, "गेला!" तोंडाकडच्या दहा-बारा मशिनी थांबल्या, बाकीच्या चालू राहिल्या. शिंपी एकमेकांकडे बघायला लागले. पोरं हसली, मग त्यांनाही काही कळेना म्हणून गप्प झाली.

"आहे," भिंगरी म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही असं वाटून तो स्टुलावर चढला, आणि आपल्या आयुष्यात कधी ओरडला नव्हता तेवढ्या मोठ्याने ओरडला, "अरे, आहे! इथेच आहे मी!"

या उत्तराची तयारी आळीत कुणाचीच नव्हती. अकरा वर्षांत ते कधी आलंच नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही. फक्त थांबलेल्या मशिनी एकामागून एक पुन्हा सुरू झाल्या, कारण तो आहे म्हटल्यावर थांबायचं कसं? निघालेली माणसं काय झालं म्हणून परत वळली, आणि त्यांच्यामागून मोठ्या रस्त्यावरचीही आत शिरली. काजेकाका दोन हात कमरेवर ठेवून उभे होते आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते.

"उतर खाली," ताई म्हणाली. "काय फाटलंय तुझं?"

भिंगरीने स्वतःकडे पाहिलं. मग पँटच्या उजव्या खिशात हात घालून तो खिसा बाहेर ओढला. तळाला चांगली दोन बोटं जातील एवढं भोक होतं.

"हे कशाने रे?"

"किल्ल्यांनी. सारखा हात घालून बघतो, आहेत का."

"निघायचं असतं ना सारखं," ताई म्हणाली. पँट काही काढून देता येत नव्हती, तेव्हा तिने सुईत दोरा ओवला, त्याला मशिनीच्या कडेला उभं केलं आणि हातानेच टाके घालायला घेतले. "हलू नकोस. टोचेल."

तो हलला नाही. तळपायाला मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. एक्केचाळीस मशिनींच्या आवाजात त्या दोघांचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. खाली वाकलेल्या ताईच्या केसांकडे बघत त्याने अकरा वर्षं न विचारलेलं विचारलं.

"ताई, दवाखान्यात... बाबांनी त्या दिवशीही विचारलं होतं का?"

ताईची सुई थांबली. मग तिने पुढचा टाका घातला.

"विचारलं होतं."

"मग? तू काय सांगितलंस?"

"आहे म्हटलं." ती मान वर न करता म्हणाली. "म्हटलं, हा काय, इथेच उभा आहे. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा मी माझाच दिला. डोळे मिटलेले होते त्यांचे. त्यांना कळलं नसेल."

समोरची माणसं भिंगरीला धूसर दिसायला लागली. काजेकाका पलीकडून ओरडले, "चारशेच्या वर आहेत रे, लिहून घे!" पण डायरी स्टुलाखाली पडली होती, आणि त्याला वाकायची मनाई होती.

ताईने आणखी चार टाके घातले. गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि खिसा आत लोटून वर दोनदा थोपटला.

"झालं," ती म्हणाली, आणि मशिनीच्या चाकावर हात ठेवला. तिचं मशीन थांबलं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, असं करत करत आळीच्या तोंडापर्यंत सगळी थांबली. "आता जायचं तर जा."

भिंगरीने हात पुढे केला. ताईने तो धरला, आणि लोक आपापल्या घरी पांगेपर्यंत तो तसाच तिच्याजवळ उभा राहिला.